लेबलवर नसलेलं काम उपकरणाकडून घेताना

लघवीसाठी बनवलेली फोलीची नळी कळा सुरू करायला गर्भाशयाच्या तोंडात घालणं कुठल्याच प्रसूतिकक्षात नवं नाही. हाच लेबलबाहेरचा वापर, आणि डॉक्टरने तो करू नये असं कायदा सरसकट म्हणत नाही. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम आणि 1 एप्रिल 2020 पासून सगळीच उपकरणं ‘औषधा’त आणणारी अधिसूचना, दोन्हींचा रोख उत्पादन, आयात आणि विक्रीवर आहे. खोकं वॉर्डात आलं की पुढचा जबाब डॉक्टरांचा. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूरकडच्या सरकारी-खासगी दवाखान्यांतल्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी ही यादी.

काय करावे

• खोक्यातलं माहितीपत्रक वाचावे. ते बहुधा पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं. निर्मात्याने काय काम सांगितलंय हेच ठाऊक नसेल, तर आपण त्याबाहेर गेलो हेही कळत नाही.

• पुरावा शोधावा, तोही आपल्यासारख्या रुग्णांवरचा. फार लांब जावं लागत नाही. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गरोदर स्त्रियांवर फोलीची नळी आणि तोंडाने घ्यायची मिसोप्रोस्टॉल यांची तुलना झाली. ती 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती गोळीच्या गटात 57 टक्के, नळीच्या गटात 47 टक्के. ‘आम्ही वर्षानुवर्षं नळीच घालतो’ हा अनुभव झाला, पुरावा नव्हे.

• जुगाड करायचाच तर पुढची वाट आधी मोकळी ठेवावी. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला नळीवर कंडोम बांधून फुगा करण्याची रीत ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी 2003 मध्ये मांडली. तिने जीव वाचवले आहेत. पण जागतिक आरोग्य संघटना फुग्याची शिफारस करताना गरज पडल्यास रक्त आणि शस्त्रक्रिया मिळण्याची अट घालते. रक्तपेढी नसलेल्या ठिकाणी फुगा भरायला घेतानाच 108 ला फोन गेलेला असावा. स्राव थांबतोय का हे बघत बसण्यात वेळ जातो.

• संमती वेगळी आणि मराठीत घ्यावी. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही. ‘हे साधन मुळात दुसऱ्या कामासाठी आहे’ एवढं वाक्य पेशंटला कळेल असं सांगायला मिनिटही लागत नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा उपचार आधी. मग कारण लिहावे.

• केसपेपरवर त्याच वेळी नोंद करावी: उपकरण, कंपनी, बॅच नंबर, हेच का वापरलं, दुसरं काय उपलब्ध नव्हतं.

• अपाय झाला किंवा थोडक्यात टळला, तरी कळवावे. 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. तो गाझियाबादचा फार्माकोपिया आयोग चालवतो. टोल-फ्री 1800-180-3024. दोषी शोधण्याची ही खिडकी नाही, तरी ‘नाव येईल’ या भीतीने कळवणं राहून जातं.

काय टाळावे

• ‘एकदाच वापरा’ अशी खूण (2 वर काट) असलेली वस्तू धुऊन-उकळून पुन्हा वापरणे. काटकसर म्हणून याचं समर्थन होतं. जंतुसंसर्ग मात्र पेशंटच्या वाट्याला येतो.

• एका व्हेंटिलेटरवर दोघे. मार्च 2020 मध्ये कोविडच्या ऐन धास्तीतही अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता संघटनांनी याला एकत्रितपणे नकार दिला होता.

• कंपनीच्या प्रतिनिधीच्या तोंडी शब्दावर नवा वापर सुरू करणे. ‘सर, यालाही चालतं’ म्हणणाऱ्याकडे ते छापील मागा.

• ‘चार-पाच पेशंटवर करून बघू.’ निकाल मांडण्यासाठी केलं की ते संशोधन होतं, आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी ते सुरू करता येत नाही. त्या आधारे नव्या वापराचा परवाना मागायचा असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगीही लागते.

• यंत्राची वायर, पॅनेल, अलार्म यांत स्वतः हात घालणे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि 17 पैकी 10 बाळं दगावली; चौकशीत आगीचं मूळ रेडियंट वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सापडलं. तिथे लेबलबाहेरच्या वापराचा प्रश्न नव्हता. यंत्र ठरलेल्याच कामाला लावलेलं असतानाही देखभाल आणि अग्निसुरक्षा किती लागते, ते मात्र दिसलं. म्हणून वॉर्मर गरम वास देतोय, अलार्म विनाकारण वाजतोय, तर तो बंद करून बायोमेडिकल इंजिनिअरला बोलवावे. अलार्म म्यूट करून पाळी काढू नये.

• सोनोग्राफी मशीन नोंदणी नसलेल्या जागी नेणे, गर्भवतीचा एफ फॉर्म अर्धवट भरणे. इथे ‘डॉक्टरांचा विवेक’ चालत नाही. मशीन कुठे, कोणी, कशासाठी वापरायचं हे 1994 चा गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदाच ठरवतो, आणि फॉर्ममधली उणीवसुद्धा फौजदारी खटल्यापर्यंत जाते.