शंका-समाधान : तळ लागला, हे हाताला कळायला हवं

प्रश्न : रायफलीची काडतुसं मी घरीच भरतो. हातातल्या टूलने दोनशे प्रायमर बसवले की अंगठा दोन दिवस ठणकतो. आता बेंचवर पक्कं बसणारं टूल घ्यायचंय. ली, आरसीबीएस की फॉर्स्टर?
– एक वाचक, डॅलस (टेक्सस)

उत्तर : अंगठा तिन्हींनी वाचेल. दांडा लांब असल्याने जोर कमी लागतो. पण गोम तिथेच आहे : जोर कमी लागला की तळ लागल्याचं हाताला कळेनासं होऊ शकतं. प्रायमरच्या पोटात इवलीशी ऐरण असते. तिचे पाय केसच्या बुडातल्या खळग्याच्या, म्हणजे पॉकेटच्या, तळाला टेकलेले असतील, तरच फायरिंग पिनचा घाव कामी येतो. प्रायमर वर राहिला, तर तो घाव त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि बार फुसका जातो. म्हणून टूल पारखताना एकच बघा : तळ लागल्याचं दांड्यातून हाताला कळतं का?

ते हाताळूनच ठरवा; बाकीचे फरक असे. लीचं टूल स्वस्त. प्रायमर थेट ट्रेमध्ये ओतायचे; बोट लावावं लागत नाही. आरसीबीएसमध्ये उभी नळी असते, तिच्यात शंभर प्रायमर मावतात. मात्र ती भरताना कोंबडीने दाणे टिपावेत तसा एकेक प्रायमर टिपावा लागतो. शिवाय शंभर प्रायमर एकावर एक रचलेले; एक फुटला तर बाकीचेही फुटू शकतात, म्हणून नळीभोवती पोलादी कवच असतं. ते काढून काम करू नका. फॉर्स्टरचे जबडे बहुतेक केस धरतात, त्यामुळे प्रत्येक बोअरला वेगळा शेलहोल्डर लागत नाही. एकाच बोअरचे दोनशे बार भरायचे तर लीचं पुरे. चार-पाच बोअर असतील तर फॉर्स्टर घ्या. कोणतंही घ्या, पण डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रश्न : लष्करी केसमध्ये प्रायमर शिरतच नाही. टूल बिघडलं का?
– तेच वाचक

उत्तर : टूल ठीक आहे. लष्करी काडतुसांत प्रायमर हलू नये म्हणून पॉकेटची कड आत दाबलेली असते. जुना प्रायमर निघाला तरी ती कड तशीच राहते. ती एकदा रीमरने काढा किंवा स्वेजरने मागे दाबा. पुन्हा करावं लागत नाही. मी पहिल्या वर्षी दांड्यावर भार टाकला होता. प्रायमर आडवा चेपला गेला; फुटला नाही, हे माझं नशीब. तेव्हापासून दांडा अडला की हात आधी थांबतो. बसवून झाल्यावर बोटाचं टोक केसच्या बुडावरून फिरवा. प्रायमर ०.००३ ते ०.००५ इंच खाली हवा. एवढासा खळगाही बोटाला लागतो; उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला ठेवा.

प्रश्न : असं टूल मागवून इथे घरी काडतुसं भरता येतील का?
– एक नेमबाज, कोल्हापूर

उत्तर : नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो येत नाही. तुम्ही तयार काडतुसंच घ्या.