पाणी शिरलेल्या घरातलं व्यक्तिचित्र

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला पूर दोन तऱ्हांनी येतो, आणि फोटो कधी, कसा काढायचा हे त्यावरच ठरतं.

एक पूर नदीचा. ग्रेट ऊझ स्टोनी स्ट्रॅटफर्ड, न्यूपोर्ट पॅग्नेल, ओल्नी अशी कडेकडेने जाते. ऊझल शहराच्या पूर्व भागातून वाहत येऊन न्यूपोर्ट पॅग्नेलला तिला मिळते. वर पाऊस झाला की इथे पाणी सावकाश चढतं आणि सावकाशच उतरतं. दुसरा पूर थेट ढगातला. मे 2018 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2024 मध्ये असाच पाऊस कोसळला. गटारांना तो पेलवला नाही, रेडवेचे, म्हणजे पायी-सायकलच्या वाटांचे, भुयारी रस्ते भरले आणि नदीपासून दूर असलेल्या घरांतही पाणी शिरलं. 1967 साली घोषित झालेलं हे शहर आखताना नव्या छपरांचं, रस्त्यांचं पाणी एकदम खालच्या गावांवर जाऊ नये, याचा विचार झाला होता. विलन, कॅल्डेकॉट, फर्झटन ही तळी त्यासाठीच खोदली आहेत. आज त्यांच्या काठाने आपण मुलांना फिरायला नेतो. पण आपल्या गल्लीतलं गटार तुंबलं तर त्या तळ्यांचा काही उपयोग नसतो.

इथला हा पावसाचा पूर मात्र काही तासांत ओसरतो. पाण्यात उभ्या माणसाचा फोटो काढायला तुम्ही पोचाल तेव्हा पाणीच नसेल. आपल्या गावाकडे, सांगली-कोल्हापूरला, ते कित्येक दिवस घरात मुक्काम करतं. खालची कृती या दोन्ही ठिकाणांसाठी आहे. फरक आहे तिथे सांगितला आहे.

या कामात ज्याच्याकडून शिकावं असा फोटोग्राफर गिडियन मेंडेल. जन्म जोहान्सबर्गचा, राहतो लंडनला. 2007 च्या उन्हाळ्यात त्याने डॉनकास्टरजवळच्या टोल बार गावात पूरग्रस्तांचे फोटो काढले, आणि त्याच वर्षी बिहारमध्येही. त्यातून ‘ड्राउनिंग वर्ल्ड’ ही मालिका उभी राहिली. पुढे हैती, पाकिस्तान, नायजेरिया, थायलंड, काश्मीर असा तिचा पसारा वाढत गेला. त्याची रीत साधी आहे. घरातला माणूसच त्याला आपल्या बुडालेल्या घरात घेऊन जातो, तिथे उभा राहतो आणि सरळ लेन्सकडे पाहतो. हात पसरलेले नाहीत, कुणी आक्रोश करत नाही. कमरेइतक्या पाण्यात तो घरमालकच वाटतो. आपल्यालाही हेच साधायचं आहे.

साहित्य. कॅमेरा कोणताही चालेल. लेन्स पूर्ण फ्रेमवर 35 ते 50 मिलिमीटर. याहून रुंद लेन्स जवळून लावली की चेहरा ताणला जातो. फार लांबची लावली की माणूस दिसतो, घर हरवतं. ट्रायपॉड, झिपच्या जाड पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या, टॉर्च, मोजपट्टी, वही, दोन पेनं, हातमोजे. फ्लॅश घरीच ठेवा. पोलरायझर फिल्टरही नको, कारण तो पाण्यावरचं प्रतिबिंब खातो आणि आपल्याला ते हवं आहे. थंडीत आणखी एक काळजी घ्या. बाहेर तीन-चार अंश तापमान असतं आणि आत घर वाळवायला हीटर लावलेले असतात. कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास आत ठेवा, नाहीतर लेन्सवर धुकं धरतं.

पाण्यात उतरण्याआधी. इंग्लंडमध्ये एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या इशाऱ्यांसाठी नाव नोंदवा. इशाऱ्याच्या तीन पायऱ्या असतात. सर्वांत वरची, म्हणजे जिवाला धोका असल्याची, लागू असेल तर त्या भागात जाऊच नका. वाहत्या पाण्यात फोटो काढायचे नाहीत; 30 सेंटिमीटर वाहतं पाणीसुद्धा गाडी उचलू शकतं. साचलेल्या पाण्यात पाऊल टाकण्याआधी काठीने तळ चाचपा, कारण खालच्या दाबाने ड्रेनेजची झाकणं उचललेली असतात. घरातला वीजपुरवठा मुख्य ठिकाणी बंद केला आहे का, हे तोंडी विचारून खात्री करा. पाण्यात मैला असतोच, तेव्हा काम झाल्यावर हात साबणाने धुवा. सांगली-चिपळूणकडे याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती जोडलेली आहे. पायाला जखम असेल तर उतरू नका, आणि प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात आधी विचारा.

दारात. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि तिच्यात कॅमेरा पिशवीबाहेर येत नाही.

पुरानंतर दारात आलेला, हातात वही-कॅमेरा असलेला माणूस पूरग्रस्ताला कुणीतरी अधिकारी वाटतो. इंग्लंडमध्ये तो विम्याचा माणूस वाटतो. आपल्याकडे तो पंचनाम्याला आलेला वाटतो. लोक भराभर घर दाखवू लागतात, फ्रिज उघडून गाळ दाखवतात, किती किमतीचा होता ते सांगतात. त्या घटकेला काढलेला फोटो गैरसमजावर उभा असतो. म्हणून पहिलं वाक्य हेच: ‘काकू, मी तलाठी ऑफिसातून आलेलो नाही. माझ्या फोटोवर पंचनामा होणार नाही, अनुदान मिळणार नाही. मी पुरातल्या माणसांचे फोटो काढतो. तुम्हाला नको असेल तर मी असाच जाईन.’ न्यूपोर्ट पॅग्नेलला हेच इंग्रजीत, विम्याचं नाव घेऊन सांगा. हे ऐकल्यावर काही जण दार लावतील. लावू द्या.

जे थांबतील त्यांना आधी उपयोगाचे फोटो काढून द्या. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टीसकट, फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मागचा नंबर, भिजलेली कागदपत्रं. साफसफाई सुरू होण्याआधी हा पुरावा लागतो आणि घरच्यांना त्या गडबडीत तो घेणं सुचत नाही. फोटो त्याच दिवशी त्यांच्या फोनवर पाठवा. त्याच्या बदल्यात व्यक्तिचित्र मागू नका. त्याबद्दल पुढच्या भेटीत विचारा, म्हणजे ‘नाही’ म्हणायला त्यांना जड जाणार नाही.

उभं राहणं. जागा त्यांनी ठरवायची. ‘तुम्ही कुठे उभ्या राहाल?’ एवढंच विचारा. कुणी स्वयंपाकघर निवडतं, कुणी जिन्याची पहिली पायरी, कुणी देव्हाऱ्यासमोर उभं राहतं. हातात भिजलेली बाहुली द्या, छातीशी फोटोफ्रेम धरा, असं सुचवायचं नाही. कुणी रडायला लागलं तर कॅमेरा खाली.

पाणी अजून घरात असेल तर ट्रायपॉड, फोकस, उजेड सगळं आधी जमवून घ्या आणि मग त्यांना बोलवा. थंड पाण्यात त्यांना चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं ठेवू नका. कॅमेरा त्यांच्या छातीच्या उंचीवर हवा. डोळ्यांच्या उंचीवरून पाणी नुसता पृष्ठभाग दिसतो. खाली आणलं की ते शरीराला कुठे छेदतं ते कळतं. मेंडेल जुना रोलीफ्लेक्स वापरतो. त्याच्यात वरून वाकून पाहायचं असल्याने कॅमेरा आपोआप खालीच राहतो, आणि एका रोलवर बारा फोटो येतात. डिजिटल असला तरी बारावर थांबायची सवय लावून घ्या. पाण्याची रेघ फ्रेममध्ये आडवी, सरळ ठेवा. ती तिरकी झाली की घर बुडण्याऐवजी कलल्यासारखं दिसतं.

वीज नसते, उजेड खिडकीचा. आयएसओ 800 ते 1600, शटर एक साठांश किंवा त्याहून वेगवान, आणि एक्स्पोजर चेहऱ्यासाठी. खिडकी पांढरी पडली तरी चालेल. पाण्यावरून परतलेला उजेड हनुवटीखालून येतो. तो विचित्र वाटेल, पण नंतर संगणकावर काढून टाकू नका. चेहऱ्यावरचा तो उजेड सांगतो की खाली जमीन नाही.

पाणी ओसरल्यावर. मिल्टन कीन्सपुरतं बोलायचं तर खरा फोटो इथे आहे. बाहेर रस्त्यावर लोखंडी स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत, सोफा, गाद्या, गालिचा. आत भिंतीचं प्लास्टर मीटरभर उंचीपर्यंत खरवडून काढलेलं, उघड्या विटा, डीह्युमिडिफायरची अखंड घरघर. घरचे भाड्याच्या जागेत, आणि हे कितीतरी महिने चालतं. पाणी तीन तास होतं हे बातमीत येतं, पुढचे सहा महिने येत नाहीत. म्हणून पुन्हा जा. त्याच माणसाला, त्याच जागी, त्याच उंचीवरून टिपा. ट्रायपॉडच्या पायांची जागा पहिल्या खेपेलाच वहीत लिहून ठेवलेली असली की हे सोपं जातं.

याच भेटींत अल्बमचं काम करा. फोटोग्राफर म्हणून आपल्याला जे येतं आणि घरच्यांना येत नाही, ते हेच. स्टुडिओत धुतलेले जुने फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. थंड, स्वच्छ पाण्यात सुटे होऊ द्या, कडेला धरा, चित्राची बाजू वर करून टिपकागदावर सावलीत वाळवा. फार असतील आणि वेळ नसेल तर मध्ये मेणकागद घालून पिशवीत बंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. महिन्यानंतरही सोडवता येतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले मात्र पाण्यात घालू नका, शाई धुऊन जाते. लग्नाचा एक फोटो वाचला तरी त्या घराला काय वाटतं, हे मी इथे लिहून सांगू शकत नाही.

गावाकडे. इंग्लंडमधल्या शाळांना मोठी सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते. म्हणजे आपण पोरांना घेऊन घरी पोचतो तेव्हा कृष्णा-पंचगंगा भरलेल्या असतात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला, त्याच महिन्यात वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. सांगलीतल्या घरांत 2005, 2019, 2021 अशा खुणा भिंतीवर लिहिलेल्या दिसतात. आई-वडिलांना त्या भिंतीशेजारी उभं करा आणि पूर्ण उंचीचा फोटो घ्या, म्हणजे कुठल्या वर्षी पाणी कुणाच्या कुठवर आलं असतं ते दिसेल. आपलीच माणसं म्हणून परवानगी गृहीत धरू नका. ‘आई, हा फोटो तिकडे प्रदर्शनात लावला तर चालेल का?’ हे विचारायचंच.

ओळ लिहिताना. फोटोखाली ‘हवामान बदलाचा बळी’ लिहू नका. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कोसळणारा पाऊस अधिक जोरात कोसळतो, हे पक्कं आहे. पण एखाद्या घरात पाणी का शिरलं याला धरणाचा विसर्ग, निळ्या पूररेषेच्या आत झालेलं बांधकाम, तुंबलेलं गटार अशीही कारणं असतात. ती गाळली तर ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटतात. तारीख, गाव, पाण्याची उंची, ते किती वेळ राहिलं, आणि त्या माणसाचं त्याच्या शब्दांतलं एक वाक्य, एवढं लिहा. सांगलीच्या माणसाचं वाक्य सांगलीच्याच बोलीत राहू द्या.

शेवटी. संमती लेखी घ्या, त्यांच्या भाषेत, एका पानावर: फोटो कुठे लावणार, नाव छापायचं की नाही, मुलं फ्रेममध्ये आहेत का. घराचा नंबर, गाडीची पाटी दिसू देऊ नका. रिकामं घर चोरांना कळतं. पहिली प्रिंट त्यांची. ती प्रदर्शनाच्या आधी नेऊन द्या, आणि पाहून त्यांचं मन बदललं तर तो फोटो यादीतून त्याच दिवशी काढा.