गोळी सोडू नकोस

चि. रोहित यास,


काल वहिनीचा फोन आला. तू बीपीची गोळी बंद केलीस आणि दिवसातून तीनदा काढा पितोस, असं ती म्हणाली. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. खरं आहे का हे?

काढ्यात रोज ज्येष्ठमध घालतोस म्हणे. अरे, घसा धरला तर दोन-चार दिवस ठीक. पण रोज घेतलं तर त्यातल्या ग्लिसरायझिनने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. म्हणजे गोळी बंद, आणि वर हे!

काढा वाईट असं मी म्हणत नाही. माई आलं ठेचून, चार मिरी, तुळस, गवती चहा घालून चार कप पाण्याचा एक कप होईस्तोवर मंद आचेवर आटवायची, उतरवताना गूळ. सर्दी सरली की काढा बंद, मागूनही मिळायचा नाही. 2020 साली आयुष मंत्रालयाने सांगितला तोही तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुकांचा, दिवसातून एकदा-दोनदा. त्यात ज्येष्ठमध नव्हतं. गोळ्या सोडा असं तर कुणीच म्हटलं नव्हतं.

नानांचं डोकं दुखायचं तेव्हा ते सुंठेचा लेप लावून पडायचे. बीपी कुणी मोजलंच नाही, आणि शेवटी अर्धांग झालं. मला नर्सिंगला जायचं होतं. घरचे नको म्हणाले, मीही हट्ट धरला नाही. शिकले असते तर अर्धांगाआधी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला असता, असं अजून वाटत राहतं. पुढे तुझंच बोट धरून ते अंगणात चालायचे. आठवतं तुला?

फार बोलले, मनाला लावून घेऊ नकोस. कोरड्या खोकल्याने तू हैराण झालायस, हे वहिनीने सांगितलं. बीपीच्या काही गोळ्यांनीच तसा खोकला येतो, राजा. डॉक्टरांना सांगितलं की ते गोळी बदलून देतात. उद्याच जा. काढ्यात काय काय होतं तेही सांग, लपवू नकोस. रागावले तर रागावू देत.

एकट्याने जायचा कंटाळा येत असेल तर मी सकाळच्या एसटीने येते. तुझ्या आवडीचे डिंकाचे लाडू केलेत, तेही आणीन. बीपी किती भरलं ते कळव. कितीही रात्र झाली तरी फोन कर.

तुझी,
आत्या