खुडूक कोंबडी, कोल्हा आणि आठवड्याचा बाजार

वाचावयाचे उतारे : लूक १३:३१-३५, मत्तय २३:३७, निर्गम २१:२८-३६. हा पाठ घरगुती सभेंत किंवा स्त्रियांच्या वर्गांत घ्यावा. दोन बैठकींत घेतल्यास अधिक बरें.

पवित्र शास्त्रांत मेंढरांविषयीं जितकें आहे तितकें कोंबड्यांविषयीं नाहीं. नव्या करारांत कोंबडा आरवतो तो पेत्राच्या नाकारण्याच्या रात्रीं, आणि चारही शुभवर्तमानांत त्याची नोंद आहे. मार्काच्या तेराव्या अध्यायांत तर रात्रीच्या एका प्रहरालाच कोंबडा आरवण्यावरून नांव मिळालें आहे. पण कोंबडी आणि तिचीं पिलें यांचा दाखला मात्र आपल्या प्रभूच्या एकाच उद्गारांत येतो, व तो मत्तय आणि लूक या दोघांनीं जपून ठेविला आहे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांना त्याचा अर्थ शहरांतल्या पंडितापेक्षां लवकर समजावा. कारण ज्या प्राण्याविषयीं तो आहे तो त्यांच्या उंबऱ्यापाशींच वावरतो.

खुडूक कोंबडी पाहिली नाहीं असें घर आमच्या गांवांत विरळा. बारा-पंधरा अंडीं झालीं कीं एके दिवशीं ती घरट्यांतून उठेनाशी होते, हात लावूं गेल्यास पिसें फुलवून टोंचा मारते, आणि अंडीं देण्याचें थांबविते. घरची बाई टोपलींत राख घालते, वर वाळकें गवत पसरते, आणि दहा-बारा अंडीं तिच्याखालीं ठेविते. तेथून एकवीस दिवस. या दिवसांत कोंबडी दिवसाकाठीं एकदां, फार तर दोनदां, खालीं उतरते; दाणा टिपते, पाणी पिते, धुळींत लोळते आणि अंडीं गार होण्यापूर्वीं परत येऊन बसते. तिच्या छातीखालचीं पिसें गळून तेथील कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब अंड्यांना थेट मिळते. तीं अंडीं ती चोंचीनें वारंवार फिरविते. न फिरविल्यास आंतील जीव कवचाच्या पापुद्र्यास चिकटून मरतो. तिचें वजन उतरतें, तुरा फिका पडतो. शेवटच्या एक-दोन दिवसांत अंड्याच्या आंतून बारीक चिवचिव ऐकूं येऊं लागते, आणि ती हळू आवाजानें तिला उत्तर देते. पिलाला आईचा आवाज ओळखीचा होतो तो कवच फुटण्याच्या आधींच.

पिलें बाहेर पडल्यावर तिचें बोलणें लक्ष देऊन ऐकावें. किडा सांपडला म्हणजे तिची हांक निराळी. मांजर किंवा मुंगूस जमिनीवरून येतांना दिसलें म्हणजे निराळी. आणि आकाशांत घार फिरूं लागली म्हणजे तर अगदींच निराळी. ती शेवटची हांक ऐकतांच पिलें आईच्या पंखाखालीं धांवतात, किंवा जेथें असतील तेथेंच जमिनीला दबून राहतात.

येथें शिक्षकानें थांबून वर्गाला एक प्रश्न विचारावा. मांजर आपलें पिलूं तोंडांत धरून सुरक्षित जागीं नेतें. कोंबडी काय करते? स्त्रिया ताबडतोब उत्तर देतील कीं, कोंबडीला पिलूं उचलतां येत नाहीं. तिला हांक मारतां येते आणि पंख पसरतां येतात. याहून अधिक तिच्या स्वभावांत नाहीं. जें पिलूं उकिरड्यावर टिपण्यांत रमून गेलें तें घारीच्या नखांत सांपडतें, आणि त्या वेळीं आई दहा हातांवर ओरडत असते. यरुशलेमेविषयीं प्रभूनें केलेला शोक नेमका हाच आहे. बोलावणें पुष्कळदां झालें; येणें झालें नाहीं. त्यानें गरुडाचा, सिंहाचा किंवा मांजरीचाही दाखला घेतला नाहीं. ज्या आईला जबरदस्तीनें उचलून नेतां येत नाहीं, तिचाच घेतला.

लूकाच्या अध्यायांत आतां दोन-तीन वचनें मागें जावें. कांहीं परूशी येऊन सांगतात कीं, हेरोद तुझा जीव घ्यावयास पाहत आहे. आणि उत्तर देतांना प्रभु हेरोदाला कोल्हा म्हणतो. पुष्कळ उपदेशांत चौतिसावें वचन तेवढें वाचतात व हें मागचें सोडून देतात. पण कोल्हा आणि कोंबडी एका संभाषणांत आलीं आहेत, आणि तीं एकत्र आलीं म्हणजे काय होतें हें कोंबड्या पाळणाऱ्यांना समजावून सांगावें लागत नाहीं. आगींत जळून मेलेल्या कोंबडीच्या पंखाखालून जिवंत पिलें निघाल्याची गोष्ट आमच्या उपदेशकांना फार प्रिय आहे. ती सांगूं नये असें नाहीं. परंतु एकवीस दिवस उपाशीपोटीं बसलेली साधी गांवठी कोंबडी समोर असतां आगीची गरज आम्हांस तरी वाटत नाहीं.

आतां पाठाचा दुसरा भाग. आणि तो पहिल्याहून कठीण आहे.

दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरांत ज्वारी-बाजरीचा पैसा वर्षांतून एकदां येतो व बहुधा घरधन्याच्या हातीं येतो. कोंबड्यांचा पैसा बाईचा. गांवठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडीं देते, क्वचित् थोडीं अधिक. तीं निम्मीं विकलीं आणि निम्मीं बसविलीं, तर त्यांतून वह्या, औषध, तेल-मीठ व पाहुण्याच्या ताटांतली एखादी वाटी निघते. कापणीच्या सणाला मंदिरांत जें अर्पण येतें त्यांतही अंडीं व कोंबड्या असतात, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. मिशनच्या लोकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें होतें. आतांच्या उत्तर प्रदेशांतील एटा येथें आर्थर स्लेटर यांनीं, व त्रावणकोरांतील मार्तंडम् येथें वाय. एम. सी. ए. चे स्पेन्सर हॅच यांनीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गरीब कुटुंबांकरितां कोंबड्यांचें काम चालविलें तें याच कारणानें.

या धनाला कसर लागत नाहीं, पण मर लागते. तिला खेड्यांत मानमोडी म्हणतात. पुस्तकी नांव राणीखेत. सन १९२६ मध्यें हा रोग जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें प्रथम ओळखला गेला. लवकरच तो कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत येथें आढळला, आणि आमच्या देशांत त्याला त्या गांवाचें नांव चिकटलें. पक्षी पंख पाडून एका कोपऱ्यांत उभा राहतो, चोंच उघडून श्वास घेतो, हिरवट पातळ विष्ठा करितो. जो लवकर मरत नाहीं त्याची मान पिळली जाते किंवा पाय लुळे पडतात. औषध नाहीं. लस न टोंचलेल्या कळपांत शंभरांतून नव्वद पक्षी दगावणें हें नवल नव्हे. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही कीं, रोग अंगांत शिरल्यावर चार-सहा दिवस, कधीं दोन आठवडेही, पक्षी वरून धडधाकट दिसतो.

समजा, एका विधवा बहिणीच्या घरीं नऊ कोंबड्या आहेत. गुरुवारीं सकाळीं एक मेली, सायंकाळीं दुसरी. शनिवारीं आठवड्याचा बाजार आहे. शेजारीण येऊन सांगते, “अगं, बसलीस काय? उरलेल्या सात पाटींत घाल आणि विकून ये. नाहींतर सोमवारपर्यंत एकही राहणार नाहीं.” शेजारणीचें बोलणें खोटें नाहीं, आणि तें प्रेमाचेंही आहे. त्या सात कोंबड्या म्हणजे मुलाच्या शाळेचे पैसे. त्या बाजारांत गेल्या तर तेथून सात वाटांनीं सात गांवांत जातील, आणि प्रत्येक गांवांत दुसऱ्या एखाद्या विधवेच्या खुराड्यांत शिरतील.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायाकडे या ठिकाणीं वळावें. बैलानें कोणास हुंदडलें तर धन्याचा दोष किती, हें तेथें एका गोष्टीवर ठरतें : बैल मारका आहे हें धन्याला पूर्वीं ठाऊक होतें कीं नाहीं. ठाऊक नसेल तर न्याय एक. ठाऊक असून बांधून ठेविला नसेल तर न्याय दुसरा. आड खणून उघडा टाकणाऱ्याचेंही तसेंच : त्यांत शेजाऱ्याचें जनावर पडलें तर भरपाई त्यानें करावी. गुरुवारपर्यंत त्या बहिणीला ठाऊक नव्हतें. शनिवारीं ठाऊक आहे. येथील कायदाही निराळें सांगत नाहीं. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या सन २००९ च्या केंद्रीय कायद्यानें रोगी जनावर बाजारांत आणण्यास मनाई आहे.

परंतु एवढें सांगून पाळकांनीं किंवा पंचांनीं त्या घरून निघून जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सात कोंबड्यांचें नुकसान एकटीनें सोसावें, आणि तिच्या प्रामाणिकपणाचा लाभ सात गांवांनीं फुकट घ्यावा, हा न्याय नव्हे. मंडळींत दहा घरें असतील तर मर सरल्यावर प्रत्येक घरानें एक तलंग किंवा थोडीं अंडीं त्या बहिणीला द्यावीं. याला फंड लागत नाहीं, ठराव लागत नाहीं. मात्र तें लगेच देऊं नये. मेलेले पक्षी ओढ्यांत किंवा कुत्र्यांपुढें न टाकतां खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावे, खुराडें खरडून चुन्यानें सारवावें, जुनी टोपली व गवत जाळावें, आणि महिना-दोन महिने तें रिकामें ठेवावें. नाहींतर प्रेमानें दिलेली कोंबडीही मरेल.

एक सावधगिरी. पुष्कळ पक्षी एकदम मरूं लागले तर तो राणीखेतच आहे असें घरच्या घरीं ठरवूं नये. सन २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला, तो भारतांतील पहिलाच. आणि तो मनुष्यासही घातक होऊं शकतो. यास्तव मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनीं शिवूं नये, मुलांना दूर ठेवावें, व पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशीं कळवावें.

मर येण्यापूर्वीं करावयाचें काम मात्र सोपें आहे. कुमाऊंतच मुक्तेश्वर येथील सरकारी संशोधन संस्थेंत १९४० नंतरच्या दशकांत या रोगाची लस तयार झाली, आणि ती अजून चालते. पिलूं पांच-सात दिवसांचें असतां सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकपुडींत सोडतात. दोन महिन्यांचें झालें कीं मुक्तेश्वरची लस कातडीखालीं टोंचतात. ही दुसरी लस लहान पिलांना सोसत नाहीं, म्हणून वय विचारल्याशिवाय टोंचूं नये. आजारी पक्ष्यालाही देऊं नये.

मग खेड्यांत ती टोंचली कां जात नाहीं? अडचण किंमतीची नाहीं, कुपीची आहे. एक कुपी बहुधा शंभर पक्ष्यांना पुरते, आणि एकदां पाण्यांत मिसळली कीं दोन तासांच्या आंत संपवावी लागते. नऊ कोंबड्यांची बाई शंभरांची कुपी कशी आणणार? पण सारी आळी एकत्र झाली तर कुपी पुरी पडते. यांत ख्रिस्ती घरें व इतर घरें असा भेद करणें मूर्खपणाचें होईल; रोगाला उंबरे कळत नाहींत. बायबलबाईनें किंवा रविवारच्या शाळेंतल्या मोठ्या मुलांनीं आठवडाभर आधीं घरोघर जाऊन पक्षी मोजावे. टोंचण्याच्या दिवशीं एकानें तालुक्याच्या दवाखान्यांतून बर्फ घातलेल्या थर्मासांत लस आणावी. वाटेंत चहाला थांबूं नये, ऊन लागल्यास लस मरते. काम दिवस मावळल्यावर धरावें, म्हणजे कोंबड्या आपोआप खुराड्यांत आलेल्या असतात आणि कोणाच्या मागें धांवावें लागत नाहीं. एकानें कंदील धरावा, एकानें पंख धरावा, टोंचणाऱ्यानें टोंचावें. आणि तारीख मंडळीच्या वहींत लिहून ठेवावी, कारण सहा महिन्यांनीं जी नवीं पिलें वाढलेलीं असतील त्यांच्याकरितां हा फेरा पुन्हां करावा लागेल.