कामाच्या बैलाचा श्वास : थकवा व विसावा ओळखण्याची सोपी कसोटी

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ट्रॅक्टर आला, तरी जंगलाच्या कडेच्या गांवीं, जेथें बांध्या लहान आणि वाट पाणंदीची, तेथें धानाची चिखलणी अजूनहि बैल-हेल्यांच्या जोडीवांचून होत नाहीं. रोवणीचे दिवस मोजके असतात. पऱ्हे वाढून गेलेले, पाऊस केव्हां ओढ देईल याचा भरंवसा नाहीं. अशा वेळीं जोडीकडून आणखी एक बांधी उरकून घेण्याचा मोह कोणासहि होतो. बैल बोलत नाहीं. तो चिखलांत बसला म्हणजे मग त्याचा थकवा आपणांस दिसतो, आणि ऐन हंगामांत बैल बसला तर धन्याचा हंगामहि बसतो. पोळ्याला आपण त्याच्या पायांवर पाणी घालतों खरें, पण पोळा येतो तो रोवणी बहुतेक आटोपल्यावर.

थकवा आधीं ओळखण्यास महागडें यंत्र लागत नाहीं. जनावराची कूस आणि सेकंदकांट्याचें घड्याळ एवढें पुरे. ओझें ओढतांना स्नायूंत उष्णता उत्पन्न होते. ती घामावाटें व श्वासावाटें बाहेर टाकावी लागते. अंगांत उष्णता साठूं लागली कीं श्वास जलद होतो. हेल्याच्या कातडींत घामाच्या ग्रंथी बैलापेक्षां पुष्कळ विरळ, शिवाय कातडी काळी. म्हणून त्याचा श्वास बैलाच्या आधीं चढतो व तो डबऱ्याकडे ओढ घेतो. त्यास आपण आळशी म्हणतों, हा त्याच्यावर अन्याय आहे. पावसाळ्यांत ऊन कमी म्हणून निर्धास्त राहूं नये. चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख उघाड पडते, हवा दमट असते, घाम वाळत नाहीं. तो दिवस जनावरांस वैशाखापेक्षां फारसा सोपा नसतो.

मोजण्याची रीत अशी. प्रथम प्रत्येक जनावराचा विश्रांतीचा आकडा काढावा. तीन-चार दिवस पहाटे, वैरण घालण्यापूर्वीं, जनावर शांत उभें असतां त्याच्या मागें थोडें बाजूस उभें राहावें. कूस एकदां फुगून बसली म्हणजे एक श्वास. पूर्ण मिनिट मोजावें. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्यांत एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोठ्या निरोगी जनावराचा आकडा बहुधा दहा ते तीस यांच्या दरम्यान भरतो. नंतर कामाच्या दिवशीं जूं उतरवितांच एकदां, व पुढें दहा-दहा मिनिटांनीं सावलींत तीनदां मोजून वहींत टिपावें.

निरक्षर गड्याकडून हें कसें व्हावें, अशी शंका कोणी काढील. तिचें उत्तर गडचिरोलींतच सांपडलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेनें खेड्यांतील दायांना लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखतां यावा म्हणून एक श्वासमापक केला. त्यांत एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ व मण्यांच्या ओळी असत. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वीं शेवटचा लाल मणी सरकला तर मूल आजारी समजावयाचें. ज्यांस पन्नासपर्यंत मोजतां येत नव्हतें त्या बायांनीं हें काम केलें. गड्यास दहापर्यंत मोजतां आलें कीं झालें; दर दहा श्वासांस एक चिंचोका एका खिशांतून दुसऱ्या खिशांत टाकावा.

आतां आकड्यांचा अर्थ. इस्राएलमधील सिलानिकोव्ह या शास्त्रज्ञानें २००० सालीं रवंथ करणाऱ्या जनावरांसाठीं जी प्रतवारी दिली, तींत मिनिटास ४० ते ६० श्वास म्हणजे उष्णतेचा थोडा ताण, ६० ते ८० मध्यम, ८० ते १२० मोठा ताण मानला आहे. ही प्रतवारी उन्हाच्या ताणाची आहे, नांगराच्या नव्हे. ओढकामाच्या बैलांसाठीं उपाध्याय व मदन या आपल्याकडील संशोधकांनीं बसविलेली गुणपद्धति आम्हांस अधिक उपयोगी वाटते. तींत विश्रांतीच्या आकड्यावर श्वास दर पंधरांनीं वाढला कीं एक गुण, याप्रमाणें पांच गुणांपर्यंत जावयाचें. समजा, बैलाचा पहाटेचा आकडा २० आहे व जूं उतरवितांना ६८ भरला. वाढ ४८, म्हणजे तीन गुण. असेच गुण हृदयाचे ठोके, अंगाचा ताप, तोंडाचा फेस, पायांचा ताल चुकणें, बेचैनी, पाऊल अडणें व जीभ बाहेर येणें यांस देतात. एकूण ४० पैकीं निम्मे भरले कीं जनावर थकलें समजून काम थांबवावयाचें. ताप व ठोके शेतावर पाहणें सर्वांस जमणार नाहीं, पण बाकीचीं लक्षणें डोळ्यांनीं दिसणारीं आहेत.

तथापि एका आकड्यापेक्षां उतरणीस महत्त्व अधिक. त्याच बैलाचा श्वास काल वीस मिनिटांत खालीं आला आणि आज तेवढ्याच कामानंतर अर्ध्या तासांतहि येत नसेल, तर कालचा शीण अंगांत उरला आहे. दुपारची जुंपणी त्या दिवशीं सोडावी.

येथें एक धोका नीट लक्षांत ठेवावा. उष्णता फारच चढली म्हणजे जनावर तोंड उघडून, मान लांबवून, खोल खोल धापा टाकूं लागतें, आणि त्या वेळीं श्वासांची संख्या उलट कमी होते. चिंचोके कमी पडले म्हणून ‘बैल निवला’ असें समजून त्यास जुंपलें तर तो जिवानिशीं जाईल. तोंड मिटलेलें असून आकडा उतरला, तरच तो विसावा. तोंड उघडें असेल तर ताबडतोब सावलींत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावें, पिण्यास थोडें थोडें पाणी द्यावें, आणि पशुवैद्यास बोलवावें.

पहाटेच्या आकड्याचा दुसराहि उपयोग आहे. काम नसतां, थंड वेळीं श्वास चढलेला असेल तर तो थकवा नव्हे, रोग होय. पावसाळ्यांत घटसर्प येतो, तो हेल्यांस विशेष बाधतो. ताप, गळ्याखालीं सूज व घरघरता श्वास दिसल्यास घटका दवडूं नये. त्याची लस पाऊस लागण्यापूर्वींच टोंचून घ्यावी.

उन्हाळ्यांतील बंडीच्या कामास तर कायद्याचीच मर्यादा आहे. ओझ्याच्या जनावरांसंबंधींच्या १९६५ च्या नियमांप्रमाणें दिवसांत एकूण नऊ तासांपेक्षां अधिक, विसाव्यावांचून सलग पांच तासांपेक्षां अधिक, आणि तापमान ३७ अंशांवर जाणाऱ्या भागांत दुपारीं बारा ते तीन, जनावरास गाडीस जुंपतां येत नाहीं. चंद्रपुरास पारा ४७ अंशांपर्यंत चढलेला आपण पाहिला आहे. तेव्हां हा शेवटचा नियम आपल्यासाठींच लिहिल्यासारखा आहे.

हाकणाऱ्या गड्यास मात्र श्वासाची कसोटी लावूं नये. मनुष्य श्वास मोजूं लागला कीं तो आपोआप बदलतो. त्यास बसवून नाडी पाहावी. लुसियन ब्रुहा यांच्या पद्धतीप्रमाणें काम थांबल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाच्या अखेरीस ती मोजतात. तिसऱ्या मिनिटासहि नाडी नव्वदीवर असून मधल्या वेळांत दहानेंहि उतरली नसेल, तर काम त्यास झेपत नाहीं.

जोडींतील दोन्ही जनावरांचे आकडे वेगवेगळे टिपावे. एकाचा श्वास रोज दुसऱ्याच्या आधीं चढत असेल, तर जूं त्याच्या बाजूस झुकतें काय, खांद्यास गांठ आहे काय, हें दुसऱ्या दिवशीं जुंपण्यापूर्वीं हात फिरवून पाहावें.