चान्या खाव्यात, पण शिजवून

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून कळंब तालुक्यात माहेरी आली ती सातव्या महिन्यात. आठवडाभरात तिला ताप भरला, अंग मोडून आलं. घरच्यांनी प्रवासाचा शीण म्हटलं. धाराशिवच्या डॉक्टरांनी मात्र महिना-दीड महिन्यात काय काय खाल्लं ते खोदून खोदून विचारलं. पुण्यात फ्रीजमधली सलामी पावात घालून तशीच गार खाल्लेली. इथं डोहाळे म्हणून निखाऱ्यावर भाजलेल्या चान्या. रक्तात लिस्टेरिया नावाचा जंतू निघाला. इंजेक्शनं वेळेत मिळाली. मायलेक सुखरूप आहेत.

जंतू नेमका कशातून गेला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, कारण हा ताप खाल्ल्यावर कित्येक आठवड्यांनीही येतो. घरात खापर मात्र चान्यांवरच फुटलं. सलामीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मिठाहळदीत घोळून दोरीवर कडक उन्हात वाळवलेल्या मांसाच्या या पट्ट्यांवर आपल्याकडच्या कितीतरी घरांनी दिवस काढलेत. आपल्याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळ्यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलितांचं हे खाणं मानानं लिहून ठेवलं आहे. शिवाय पोटुशीच्या अंगात रक्त कमी असताना तिचं मांस खाणं तोडणं म्हणजे लोह तोडणं.

मीठ आणि ऊन मांस सडू देत नाहीत. जंतू मरतीलच याची खात्री नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवीसुद्धा कच्च्या मांसातून बाळापर्यंत पोचू शकतो. निखाऱ्यावर चानी कडेला करपते, जाड जागी आत कच्चीच राहते. म्हणून ती आधी गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेका (खारटपणाही उतरतो), मग कुकरला बोटानं तुटेल इतकी मऊ शिजवा आणि रस्सा करा. रक्तदाब वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. सलामी, सॉसेज खायचंच तर आतपर्यंत चटका बसेल, वाफ निघेल असं गरम करून. फ्रीजच्या भरवशावर राहू नका, लिस्टेरिया 4 अंशांच्या गारठ्यातही वाढतो. इतरांपेक्षा गरोदर बाईला तो साधारण 10 पट अधिक गाठतो. आईला नुसती कणकण येते, पण गर्भ दगावू शकतो.

तेव्हा सासवांनो, आयांनो, पोरीचे डोहाळे मोडू नका, कुकरची एक शिट्टी जास्त होऊ द्या. आणि ताप आला तर घरच्या गोळीवर भागवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि काय खाल्लं ते न लाजता सांगा.