सोडतीची चिठ्ठी आणि संभाव्यता

मुलांनो, सरपंचपदाचे आरक्षण जाहीर झाले की पारावर दुसरा विषय नसतो. कोणते पद कोणाला राखीव, हे काही लोकसंख्येवरून व फिरत्या क्रमाने ठरते, तर काही सोडत काढून. चिठ्ठी उचलायला पुष्कळदा शाळेतले लेकरूच बोलावतात. तेव्हा त्यामागचे गणित आपल्याला यायलाच पाहिजे.

हिशेबासाठी मानू, की २० ग्रामपंचायती आहेत. त्यांत सरपंचपद अनुसूचित जातीसाठी ३, अनुसूचित जमातीसाठी १, नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी ५ आणि सर्वसाधारण ११. आता वीस गावांच्या वीस चिठ्ठ्या मडक्यात टाकून डोळे मिटून एक काढू.

ते गाव एकाच वेळी अनुसूचित जातीचेही आणि जमातीचेही राखीव निघेल का? नाही. एक घडले की दुसरे घडत नाही. अशा घटनांना परस्पर अपवर्जी घटना म्हणतात. त्यांची संभाव्यता सरळ मिळवावी :

३/२० + १/२० = ४/२०

चारही प्रवर्गांची बेरीज २०/२०, म्हणजे १ येते. चिठ्ठी कोणत्या तरी एका प्रवर्गाची निघणारच.

आता महिलांचे पाहू. १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने महिलांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या आहेत. म्हणजे आपल्या वीसपैकी १०. पैकी अनुसूचित जातीच्या महिलांसाठी २ धरू. मग ‘अनुसूचित जाती किंवा महिला राखीव’ याची संभाव्यता ३ + १० = १३ घेऊन १३/२० म्हणावी का? नाही! ती २ गावे दोनदा मोजली गेली. म्हणून ३ + १० – २ = ११, उत्तर ११/२०. या घटना परस्पर अपवर्जी नाहीत.

पारावर मी नेहमी ऐकतो, “दहा गावं बायांची, अन् दहा गड्यांची.” हे साफ चूक आहे. ‘महिला राखीव’ आणि ‘महिला राखीव नाही’ या परस्पर अपवर्जी आहेत खऱ्या. पण ‘महिला राखीव नाही’ म्हणजे ‘पुरुष राखीव’ नव्हे. उरलेल्या दहा गावांतही बाई उभी राहू शकते, निवडून येऊ शकते. ही चूक कोणी केली, तर एखादी हुशार बाई अर्जच भरत नाही. घरी आई-आजीला हे जरूर सांगा.

स्वाध्याय : मागास प्रवर्गाच्या ५ पैकी ३ महिला राखीव असतील, तर ‘मागास प्रवर्ग किंवा महिला राखीव’ याची संभाव्यता किती? वहीत सोडवून मला दाखवा.